रोग्याचा दोष आणि वैद्याचें दायित्व

औषध देणारा कर्तव्यास चुकला आणि घेणारानेंहि तें भलत्या रीतीनें सेवन केलें, तर अनर्थाचा भार कोणीं वाहावा? इंग्लंडच्या न्यायासनानें या प्रश्नास लागू पडणारा एक कठोर दंडक फार पूर्वीं घालून ठेविला. तस्करीच्या चहाच्या किंमतीसंबंधींच्या एका खटल्यांत, १७७५ सालीं, न्यायमूर्ति लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं सांगितलें कीं, जो स्वतःच्या बेकायदेशीर कृत्यावर दावा उभारतो, त्यास न्यायालय साहाय्य करणार नाहीं. चहाचा विक्रेता तो खटला जिंकला. दंडक मात्र कायम राहिला.

अमेरिकेंतहि तो रुजला. १९९५ सालीं मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयानें त्याच आधारें एका व्यसनाधीन मनुष्याचा औषधविक्रेत्यावरील दावा फेटाळिला. औषधें त्यानें बेकायदा मिळविलीं होतीं, म्हणून विक्रेत्याच्या हलगर्जीपणाची भरपाई त्यास मिळाली नाहीं.

पुढें हाच प्रश्न वेस्ट व्हर्जिनियांतील मिंगो या कोळशाच्या खाणींच्या जिल्ह्यांत उद्भवला. १९९६ सालीं ऑक्सिकॉन्टिन हें अफूच्या वर्गांतील वेदनाशामक अमेरिकेच्या बाजारांत आलें होतें. त्याच्या व्यसनकारकतेविषयीं दिशाभूल केल्याचा गुन्हा संबंधित कंपनीनें २००७ सालीं कबूल केला. मिंगोमध्यें २९ जणांनीं डॉक्टर व औषधविक्रेते यांजवर दावे लाविले. मोटार-अपघातांतील अथवा कामावरील दुखापतीसाठीं ते दवाखान्यांत गेले होते. तेथील गोळ्यांनीं आपण व्यसनांत बुडालों, असें त्यांचें म्हणणें. परंतु कित्येकांस व्यसन आधींपासूनच होतें, आणि गोळ्यांसाठीं आपण कायदा मोडला हेंहि त्यांनीं मान्य केलें. प्रतिवादींनीं नेमकें त्यावरच बोट ठेविलें.

मे २०१५ मध्यें राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें तीन विरुद्ध दोन मतांनीं ठरविलें कीं, असे दावे सरसकट अडवूं नयेत; दोन्ही पक्षांच्या दोषाचें माप ज्यूरीनें ठरवावें. वादीचा दोष इतरांच्या एकत्रित दोषाइतका वा अधिक भरला, तर त्यास कांहीं मिळूं नये. कमी भरला, तर भरपाई त्या प्रमाणांत घटावी. हें तत्त्व त्या राज्यानें १९७९ सालींच स्वीकारलें होतें. असहमत न्यायाधीशांचा आक्षेप असा कीं, यामुळें गुन्हेगारास आपल्याच गुन्ह्याचा लाभ होईल.

तो आक्षेप क्षुल्लक नव्हे. तथापि औषधाचा दुरुपयोग होऊं नये म्हणूनच तर वैद्याच्या सहीचें बंधन घातलेलें असतें. तोच दुरुपयोग ढालीप्रमाणें वैद्याच्या हातीं दिला, तर तें बंधन नांवापुरतेंच उरेल. मिंगोच्या निर्णयानें कोणा डॉक्टरास दोषी ठरविलें नाहीं, रोग्यासहि निर्दोष म्हटलें नाहीं. दोघांचेहि दोष तराजूंत घालावे, एवढेंच सांगितलें.