सिगारेट सोडल्यावर फुप्फुसांचे काय होते? लंडनमधील आठ वर्षांची मोजणी

१९४१ साली ऑक्सफर्डमध्ये एका मरणासन्न पोलिसाला पेनिसिलिन टोचणारे तरुण डॉक्टर म्हणून चार्ल्स फ्लेचर इतिहासाला ठाऊक आहेत. त्यांचे पुढचे काम मला अधिक मोलाचे वाटते. १९६० च्या दशकात त्यांनी लंडनमधील कामकरी पुरुषांचा श्वास आठ वर्षे मोजला : जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, एवढेच. रिचर्ड पेटो यांच्यासह १९७७ साली ७९२ जणांचे निष्कर्ष छापले. वयानुसार श्वास सर्वांचाच घटतो; धूम्रपान ज्यांना बाधते, त्यांचा झपाट्याने. सिगारेट सोडल्यावर गमावलेले फारसे परतत नाही, मात्र घसरणीचा वेग धूम्रपान न करणाऱ्याइतका मंदावतो. धाप बरीच हानी झाल्यावरच लागते. त्यामुळे पंचविशीत काहीच जाणवत नाही, आणि राखण्याजोगा श्वास सर्वाधिक असतो तो नेमका तेव्हाच.