फ्रँचायझी घेतली, कंपनीने करार मोडला: नुकसानभरपाईचा हक्क काय?

दादर-परळकडे कोचिंग क्लास, पॅथॉलॉजी कलेक्शन सेंटर, आइस्क्रीम पार्लर अशी कितीतरी दुकानं फ्रँचायझीवर चालतात. नाव कंपनीचं, पैसा मात्र घरचा: कधी दागिने मोडून, कधी रिटायरमेंटच्या रकमेतून. म्हणून आपले हक्क आधी माहीत हवेत.

फ्रँचायझीसाठी भारतात वेगळा कायदा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ हाच मुख्य आधार.

कलम ७३: करार मोडल्यामुळे सरळ झालेलं नुकसान, किंवा करार करताना दोघांना अपेक्षित असलेलं नुकसान मागता येतं. दूरचं, अंदाजाचं नुकसान मिळत नाही. नुकसान वाढू नये म्हणून तुम्ही काय केलं, हेही कोर्ट पाहतं.

कलम ७४: करारात दंडाची रक्कम लिहिली असली, तरी कोर्ट त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देतं. सुप्रीम कोर्टाने २०१५ च्या कैलाशनाथ प्रकरणात सांगितलं की, नुकसान सिद्ध करणं शक्य असेल तिथे ते सिद्ध केल्याशिवाय डिपॉझिट जप्त करता येत नाही.

कलम १९: कमाईचे खोटे आकडे दाखवून सही घेतली असेल, तर करार रद्द करता येतो.

पण हक्क दोन्ही बाजूंना असतात. गुजरात बॉटलिंग ही कंपनी कोका-कोलाची फ्रँचायझी होती. तिचे शेअर्स पेप्सीच्या बाजूला गेले आणि तिने करार संपवण्याची नोटीस दिली. वाद मुंबई उच्च न्यायालयात आला. नोटिशीची मुदत संपेपर्यंत दुसऱ्यांची पेयं बनवण्यास मनाई झाली आणि १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. स्वतः करार न पाळणाऱ्याला कोर्टाकडून सवलत मिळणं अवघड, हा त्यातला धडा. करार संपल्यावरही तोच धंदा करू नका, ही अट मात्र कलम २७ मुळे सहसा टिकत नाही.

दाद कुठे मागायची? आधी करारातलं लवादाचं कलम वाचा. लवाद दिल्लीत किंवा बंगळुरूत ठरला असेल, तर खर्च वाढतो. लवाद नसेल आणि दावा ३ लाख किंवा जास्त असेल, तर तो व्यावसायिक न्यायालयात जातो. तातडीचा मनाईहुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. करार मोडल्यापासून साधारण ३ वर्षांत दावा करावा लागतो. नुसत्या तोंडी बोलण्यात ही मुदत निघून जाते. महिलांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

आजच एक फाइल करा: करार, पैसे भरल्याच्या पावत्या, बँक स्टेटमेंट, ईमेल, व्हॉट्सॲपवरची आश्वासनं, जीएसटी रिटर्न, महिन्याचा विक्रीहिशोब. तोंडी तक्रार त्याच दिवशी लिहून पाठवा. आणि सही करण्याआधी करार वकिलाला दाखवा. ती फी पुढच्या खटल्यापेक्षा नक्कीच कमी असते.