कवळीमुळे हिरड्यांना होणारी इजा

कवळीमुळे हिरड्यांना होणारी इजा म्हणजे कृत्रिम दातांची काढता-घालता येणारी कवळी तोंडातील मऊ आवरणावर घासल्यामुळे, रुतल्यामुळे किंवा तिच्याखाली बुरशी वाढल्यामुळे हिरड्या व टाळू यांना होणारा व्रण किंवा दाह होय. नवी कवळी बसवल्यावर पहिल्या काही दिवसांत अशी इजा बहुतेकांना होते आणि दंतवैद्याने कवळी योग्य ठिकाणी थोडी घासून दिली की ती भरून येते. वर्षानुवर्षे वापरात असलेल्या कवळीखालच्या इजेचे कारण मात्र बहुधा वेगळे असते. कवळी तीच राहते, पण तिच्याखालचा जबडा झिजलेला असतो. ‘हळूहळू सवय होईल’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला पहिल्या प्रकारात अर्धाच खरा आहे. दुसऱ्या प्रकारात तो मुळीच लागू पडत नाही.

कारणे

नैसर्गिक दातांची मुळे हाडात रोवलेली असतात व मुळांभोवतीचे तंतू चावण्याचा भार हाडाकडे पोहोचवतात. दात गेल्यावर हा भार कवळीमार्फत थेट हिरडीच्या पातळ आवरणावर येतो, आणि ते आवरण या कामासाठी घडलेले नसते. वरच्या कवळीला टाळूचा विस्तृत आधार मिळतो. खालची कवळी नालाच्या आकाराची असते. तिला आधाराची जागा वरच्यापेक्षा बरीच कमी मिळते आणि जीभही तिला सतत हलवत राहते. म्हणून तक्रारी प्रामुख्याने खालच्या कवळीच्या असतात.

दात काढल्यानंतर जबड्याचे हाड झिजू लागते. ही झीज पहिल्या वर्षात सर्वाधिक असते, पण ती पुढे आयुष्यभर चालूच राहते. आन्त्ये टॅलग्रेन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या, २५ वर्षांचा काळ व्यापणाऱ्या अभ्यासात खालच्या जबड्याच्या पुढील भागाची उंची वरच्यापेक्षा सुमारे चौपट घटल्याचे दिसून आले. हाड खाली गेले की कवळी सैल होते, चावताना सरकते, आणि तिची कड एकाच जागी पुनःपुन्हा टोचते. झीज फार झाली, तर हनुवटीकडे जाणारी चेतातंतूची शाखा कवळीखाली येते व चावताना विजेचा झटका बसल्यासारखी कळ उठते. अशा वेळी हिरडीवर जखम दिसत नाही. त्यामुळे रुग्णाची तक्रार मनाचा खेळ समजली जाण्याची शक्यता असते.

तोंडाचा कोरडेपणा हे दुसरे महत्त्वाचे कारण होय. लाळ ही कवळी व हिरडी यांच्यामधील वंगण असते. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी इत्यादींवरील अनेक औषधांनी ती कमी होते. मधुमेह, लोह व ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळे जखमा भरण्यास वेळ लागतो. पेरूच्या बिया, तीळ, चिवड्यातील कण असे बारीक पदार्थ कवळीखाली अडकले तरी व्रण होतो. कवळीच्या द्रव्याची खरी ॲलर्जी क्वचितच आढळते.

लक्षणे

टोचण्यामुळे झालेला व्रण लहान, दुखरा व कवळीच्या कडेशी जुळणारा असतो. बुरशीमुळे होणारा दाह याच्या उलट असतो. वरच्या कवळीखालील टाळू कवळीच्या आकाराएवढाच लालभडक होतो, पण पुष्कळदा तो दुखतच नाही. कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी, कवळीवर साचलेला थर व कवळी रात्रंदिवस घालून ठेवण्याची सवय ही त्याची मुख्य कारणे. न्यूटन यांनी १९६२ मध्ये केलेले त्याचे तीन प्रकारांतील वर्गीकरण आजही वापरले जाते. याच्या जोडीने ओठांचे कोपरेही फाटू शकतात. सैल कवळी फार काळ वापरल्यास तिच्या कडेलगत मांसल घड्या वाढतात.

प्रतिबंध

सर्वांत परिणामकारक उपाय बिनखर्चाचा आहे, तो म्हणजे रात्री कवळी काढून ठेवणे. हिरड्यांना दिवसातून सहा ते आठ तास विश्रांती मिळाली पाहिजे. झोपेतही कवळी घालून ठेवण्याचा धोका तोंडापुरता मर्यादित नाही. ८५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ५२४ व्यक्तींच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात कवळीसह झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला. दात काढल्याबरोबर लगेच बसवलेली कवळी मात्र या नियमाला अपवाद आहे. ती पहिले २४ तास काढू नये, कारण सूज आल्यावर ती पुन्हा बसत नाही.

काढलेली कवळी साध्या पाण्याने भरलेल्या वाटीत ठेवावी. उकळते पाणी वापरू नये, त्याने ॲक्रिलिकचा आकार बिघडतो. जेवणानंतर कवळी धुवावी आणि दिवसातून एकदा मऊ ब्रश व सौम्य साबणाने आतूनबाहेरून घासावी. टूथपेस्ट किंवा दंतमंजनाने तिच्यावर बारीक चरे पडतात व त्या चऱ्यांत बुरशी घर करते. धुताना बेसिनमध्ये पाणी किंवा पंचा असावा, म्हणजे हातून निसटली तरी तुटत नाही. हिरड्या, टाळू व जीभही मऊ ब्रशने किंवा ओल्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्याव्यात.

नव्या कवळीच्या पहिल्या आठवड्यात मुगाची खिचडी, वरणभात, लापशी, दुधात कुस्करलेली भाकरी असा मऊ आहार घ्यावा. घास लहान असावेत व दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चावावे. पुढच्या दातांनी तोडल्यास कवळी मागून उचलली जाते. तक्रार नसली तरी वर्षातून एकदा तपासणी करून घेणे आवश्यक आहे, कारण झीज न दुखताही होत असते.

उपचार

जखम झाल्यास कवळी शक्य तितका वेळ काढून ठेवावी व पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भराव्यात. यामुळे आराम पडतो. कारण दूर होत नाही. दंतवैद्याकडे जाण्याआधी काही तास, शक्य असल्यास आदल्या दिवशी, कवळी घालावी, म्हणजे ती नेमकी कोठे टोचते ते दिसते. दंतवैद्य आतील बाजूस खुणेचा लेप लावून दाबाची जागा शोधतात व तेवढीच घासतात. ब्लेड, कानस वा पॉलिशकागद घेऊन घरी हा उद्योग करणे टाळावे. एकदा चुकीच्या ठिकाणी घासलेली कवळी सहसा पूर्ववत बसत नाही. जखमेवर लवंगेचे तेल किंवा ॲस्पिरिनची गोळी ठेवल्यास आवरण भाजते. बधिर करणाऱ्या मलमाने दुखणे कळेनासे होते आणि कवळी तशीच रुतत राहते.

कवळी सैल झाली असल्यास तिला आतून नवे अस्तर देता येते. हिरड्या फार नाजूक असल्यास हे अस्तर मऊ द्रव्याचे असते. चिकटवण्याचे मलम तात्पुरते चालते. जस्तयुक्त मलमाच्या दीर्घकाळच्या अतिवापराने शरीरातील तांबे घटून मज्जासंस्थेला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. २००२ मधील मॅकगिल सहमतीनुसार दंतविहीन खालच्या जबड्यासाठी दोन रोपणांवर बसवलेली कवळी हा पहिला पर्याय मानावा. मात्र तिचा खर्च अनेकांना परवडत नाही.

बुरशीच्या दाहात निस्टॅटिन किंवा मायकोनॅझोलसारखी औषधे दिली जातात, पण कवळी स्वच्छ झाली नाही तर दाह उलटतो. वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाने ते दंतवैद्यास अवश्य सांगावे, कारण मायकोनॅझोलच्या तोंडातील जेलनेही रक्तस्रावाचा धोका वाढतो.

धोक्याची चिन्हे

कवळी दुरुस्त केल्यानंतर किंवा काढून ठेवल्यानंतर दोन ते तीन आठवड्यांतही न भरणारा व्रण, कडक कडा, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेतील गाठ, ओठ बधिर होणे यांपैकी काहीही आढळल्यास मुखकर्करोगाची शक्यता तपासावी लागते व त्यासाठी ऊतीचा तुकडा काढून पाहतात. महाराष्ट्रात याचे महत्त्व अधिक आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी तंबाखू मळून खाण्याची आणि विशेषतः ग्रामीण स्त्रियांमध्ये मिश्री लावण्याची सवय टिकून आहे. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, आणि ती नेमकी हिरड्यांवरच घासली जाते. दात गेल्यावरही कवळी काढून मिश्री लावणाऱ्या स्त्रीच्या तोंडातील जखम ‘कवळीचीच असेल’ म्हणून दुर्लक्षिली जाण्याचा धोका असतो. सुपारीमुळे तोंड उघडणे कमी झालेल्यांना कवळी घालणे-काढणेही अवघड जाते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत कवळीची दुरुस्ती व अशा व्रणांची तपासणी या दोन्हींची सोय आहे.