एका रिंगवर घडणारा संघ : बास्केटबॉल प्रशिक्षकांसाठी शूटिंगचे सराव आणि आक्रमणाच्या चाली

भिगवण म्हटले, की उजनी जलाशयाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी आणि गावचा मासळी बाजार आठवतो. पुणे-सोलापूर महामार्गावरील, इंदापूर तालुक्यातील या गावाचे नाव बास्केटबॉलशी सहसा जोडले जात नाही. मात्र भिगवण, इंदापूर, बारामतीच्या पट्ट्यात किंवा राज्यातील अशाच कोणत्याही निमशहरी भागात एखाद्या क्रीडाशिक्षकाने संघ उभा करायचे ठरवले, तर त्याच्यापुढील प्रश्न सारखेच असतात. मैदान मुरमाचे, रिंग एखादीच, चेंडू मोजके आणि हाताशी शाळा सुटल्यानंतरचा तास-दीड तास.

त्यात शालेय क्रीडा स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. पहिला सामना गमावला, की त्या वर्षापुरता खेळ संपला. वर्षभर घाम गाळलेल्या मुलामुलींच्या वाट्याला कधी कधी एकच सामना येतो. अशा सामन्यात मोक्याच्या क्षणी चेंडू हातात आलेल्या खेळाडूला काय करायचे हे ठाऊक असावे, एवढी जबाबदारी प्रशिक्षकाची असते. ती पार पाडण्यासाठी शूटिंगचा पद्धतशीर सराव आणि आक्रमणाच्या मोजक्या, पण पक्क्या चाली पुरेशा ठरतात.

नागपाड्याचा धडा

अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये हा खेळ शोधून काढला, तो हिवाळ्यात बंदिस्त जागेत मुलांना खेळता यावे म्हणून. वायएमसीए या संस्थेमार्फत तो भारतात आला. मुंबईत नागपाड्याच्या दाट वस्तीतील छोट्या मैदानांवर तो रुजला आणि तेथूनच भारताचे कर्णधारपद भूषविणारे अब्बास मुंतासिर पुढे आले. त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. चांगला खेळाडू घडण्यासाठी चकचकीत सभागृहच हवे असे नाही, हे नागपाड्याने दाखवून दिले.

पुण्याची शिरीन लिमये हे अलीकडच्या काळातील उदाहरण. भारतीय महिला संघाने २०१७ मध्ये बंगळूर येथे आशिया चषकाच्या ‘ब’ गटाचे विजेतेपद पटकावले, त्या संघात ती होती. अंतिम सामन्यात भारताने कझाकस्तानला ७५-७३ असे हरवले. फरक अवघ्या दोन गुणांचा, म्हणजे एका बास्केटचा किंवा दोन फ्री थ्रोंचा. सरावात ‘एखादा चुकला तर काय झाले’ असे म्हणणाऱ्या खेळाडूला हा गुणफलक दाखवावा.

आधी मापे, मग चेंडू

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर आणि तिचा आतील व्यास ४५ सेंटिमीटर. फ्री थ्रोची रेषा बोर्डाच्या पुढील पृष्ठभागापासून ४.६० मीटरवर, तर तीन गुणांची रेषा रिंगच्या मध्यापासून ६.७५ मीटरवर असते. पूर्वी हे अंतर ६.२५ मीटर होते; २०१० मध्ये ते वाढले. जुन्या मैदानांवर आखलेल्या रेषा तपासून घ्याव्यात, अन्यथा जवळून सराव केलेल्या मुलांचे शॉट स्पर्धेत तोकडे पडतात.

पुरुषांसाठी सात क्रमांकाचा, महिलांसाठी सहा क्रमांकाचा आणि लहान मुलांसाठी पाच क्रमांकाचा चेंडू वापरला जातो. बारा वर्षांखालील मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंगची उंची २.६० मीटर ठेवतात. त्यामागे शास्त्र आहे. दहा वर्षांच्या मुलाला पूर्ण उंचीच्या रिंगवर मोठा चेंडू टाकायला लावला, तर तो कमरेपासून जोर लावून किंवा दोन्ही हातांनी चेंडू फेकू लागतो. ही सवय हाडीमाशी खिळली, की मोठेपणी मोडणे फार कठीण जाते. रिंग खाली आणणे शक्य नसेल, तर भिंतीवर खडूने २.६० मीटरवर खूण करून तिच्यावर सराव घ्यावा.

शॉटची चार अंगे

शॉट शिकवताना तोल, नजर, कोपर आणि शेवट या चार गोष्टी क्रमाने तपासाव्यात. पाय खांद्यांइतके रुंद, गुडघे किंचित वाकलेले, शूटिंगच्या हाताकडील पाऊल जरासे पुढे. नजर रिंगवर स्थिर. कोपर चेंडूच्या खाली, बाहेर फाकलेले नाही. चेंडू बोटांच्या पेरांवर. दुसरा हात केवळ आधाराला. शेवटी हात पूर्ण सरळ आणि मनगट पुढे झुकलेले. चेंडू रिंगपर्यंत पोचेतो हात तसाच राहिला पाहिजे.

चेंडूला उंची का द्यायची, हे मुलांना आकड्यांतून पटते. सात क्रमांकाच्या चेंडूचा व्यास सुमारे २४ सेंटिमीटर असतो. चेंडू ४५ अंशांच्या कोनातून खाली आला, तर ४५ सेंटिमीटरच्या रिंगचे तोंड त्याच्या दृष्टीने सुमारे ३२ सेंटिमीटर उरते. तोच चेंडू ३० अंशांनी, म्हणजे सपाट आला, तर ते तोंड साडेबावीस सेंटिमीटर इतकेच राहते. २४ सेंटिमीटरचा चेंडू त्यातून अलगद जाणे अशक्यच; तो कडेला आपटणार. ‘उंच टाक’ हे नुसते ओरडून सांगण्यापेक्षा हे गणित एकदा फळ्यावर मांडावे.

शूटिंगचे सराव

एका हाताचा शॉट : रिंगपासून एक मीटरवर उभे राहून केवळ शूटिंगच्या हाताने चेंडू टाकावा. ओळीने पाच बास्केट झाल्यावर एक पाऊल मागे. रिंग एकच असेल तर उरलेल्या मुलांनी जोड्या करून एकमेकांकडे किंवा भिंतीवरील खुणेकडे असेच शॉट मारावेत. कोणीही रांगेत रिकामे उभे राहू नये.

मायकन सराव : जॉर्ज मायकन या उंचापुऱ्या अमेरिकी खेळाडूच्या नावाने हा सराव ओळखला जातो. रिंगखाली उभे राहून एकदा उजव्या हाताने उजवीकडून, लगेच डाव्या हाताने डावीकडून बोर्डाचा आधार घेत बास्केट करायची. चेंडू जमिनीवर पडू द्यायचा नाही आणि खांद्याच्या खाली आणायचा नाही. तीस सेकंदांत किती बास्केट झाल्या, ते लिहून ठेवावे. पावलांची लय आणि दोन्ही हातांची तयारी यातून होते.

पाच जागांचा सराव : दोन्ही कोपरे, दोन्ही बाजू आणि मध्यभाग अशा पाच जागांवरून प्रत्येकी पाच शॉट. एकाने शॉट मारायचा, दुसऱ्याने रिबाउंड घेऊन पास द्यायचा, तिसऱ्याने हात वर करून समोर धावत यायचे. तिघांनी आलटून पालटून भूमिका बदलाव्यात. पास घेतानाच पाय शॉटसाठी तयार आहेत का, याकडे प्रशिक्षकाचे लक्ष हवे.

दमलेल्या पायांचे फ्री थ्रो : फ्री थ्रो सरावाच्या शेवटी सलग मारून उपयोग नाही, कारण सामन्यात ते धापा टाकतच मारावे लागतात. प्रत्येक धावण्याच्या सरावानंतर दोन फ्री थ्रो घ्यावेत. पंचांनी चेंडू दिल्यावर पाच सेकंदांत शॉट मारावा लागतो. तेवढ्या वेळात बसणारा, नेहमी सारखाच क्रम खेळाडूने ठरवावा : दोन टप्पे, एक श्वास, शॉट.

उघड्या मैदानावर वाऱ्याचा विचार करावा लागतो. जलाशयाकाठच्या गावात लांबचा शॉट संध्याकाळच्या वाऱ्याने सरकू शकतो. अशा वेळी बाजूने, साधारण ४५ अंशांतून बोर्डावरील चौकटीचा आधार घेऊन मारलेला शॉट अधिक भरवशाचा. ही चौकट ५९ बाय ४५ सेंटिमीटरची असते. बोर्डावरील रंग उडाला असेल तर ती पुन्हा रंगवून घ्यावी.

वहीतील हिशेब

प्रत्येक खेळाडूचे प्रयत्न आणि बास्केट जागेनुसार लिहून ठेवण्यासाठी साधी वही पुरते. दोन गुणांच्या जागेवरून दहापैकी पाच शॉट पडले तर दहा गुण होतात. तीन गुणांच्या रेषेबाहेरून दहापैकी चार पडले तर बारा, आणि तीनच पडले तर नऊ. म्हणजे तीनात एक या प्रमाणात लांबचे शॉट पडत असतील, तरच ते जवळच्या निम्म्या यशाच्या बरोबरीला येतात. दूरचित्रवाणीवर पाहून लांबून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला रागावण्याऐवजी त्याची स्वतःची पाने उघडून दाखवावीत.

आक्रमणाच्या चाली

चालींची संख्या वाढवण्याचा मोह टाळावा. पुढील चार चाली शालेय संघाला पुरेशा आहेत.

१) पास द्या, आत धावा : पाचही खेळाडू तीन गुणांच्या रेषेबाहेर, एकमेकांपासून चार ते पाच मीटर अंतरावर उभे राहतात : एक मध्यभागी, दोन बाजूंना, दोन कोपऱ्यांत. पास देणारा लगेच रिंगकडे धावतो. परतीचा पास मिळाला तर ले-अप. नाही मिळाला तर रिकाम्या कोपऱ्यात बाहेर पडतो आणि इतर एकेक जागा सरकून मोकळी जागा भरतात. बचावपटू पासच्या वाटेत पुढे आला, तर त्याच्या पाठीमागून रिंगकडे धावावे. उंच खेळाडू नसलेल्या संघाला ही चाल वरदान ठरते. मुरमाच्या मैदानावर चेंडूचा टप्पा बेभरवशाचा असल्याने ड्रिबलपेक्षा पासवर उभी असलेली ही पद्धत तेथे अधिक उपयुक्त.

२) स्क्रीन आणि वळण : चेंडू असलेल्या सहकाऱ्याच्या बचावपटूच्या वाटेत दुसरा खेळाडू स्थिर उभा राहतो. स्क्रीन लावताना हलून धक्का दिला तर फाउल होतो, हे बजावून सांगावे. ड्रिबल करणाऱ्याने स्क्रीनच्या खांद्याला खांदा घासूनच पुढे जावे. त्यानंतर स्क्रीन लावणारा चेंडूकडे तोंड ठेवून रिंगकडे वळतो. पुढे काय करायचे ते बचावावर ठरते. बचावपटू स्क्रीनच्या मागून गेला तर शॉट. पाठलाग करत आला तर थेट रिंगकडे. दोघेही चेंडूवर धावले तर वळलेल्या सहकाऱ्याला पास. दोघांनी आपापले खेळाडू बदलले, तर उंचीचा किंवा वेगाचा जो फायदा मिळेल तो साधावा.

३) तळरेषेवरून चौकोन : रिंगखालून चेंडू आत टाकण्यासाठी पाच सेकंद मिळतात. ‘१’ चेंडू टाकतो. चेंडूच्या बाजूला रिंगजवळ ‘४’ आणि त्याच्या वर फ्री थ्रो रेषेच्या टोकाशी ‘२’. पलीकडे रिंगजवळ ‘५’ आणि वर ‘३’. इशारा होताच ‘४’ वर येऊन ‘२’ साठी स्क्रीन लावतो व ‘२’ चेंडूच्या बाजूच्या कोपऱ्यात पळतो. त्याच वेळी ‘५’ वर येऊन ‘३’ साठी स्क्रीन लावतो व ‘३’ रिंगखाली शिरतो. ‘१’ ने आधी ‘३’ कडे, मग आत वळलेल्या ‘४’ कडे, नंतर कोपऱ्यातील ‘२’ कडे पाहावे. ‘५’ मध्यभागी बाहेर येऊन सुरक्षित पाससाठी उभा राहतो.

४) क्षेत्रबचावाविरुद्ध : शालेय सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला जवळचे शॉट मिळू नयेत म्हणून २-३ असा क्षेत्रबचाव लावला जातो. पुढे दोन बचावपटू असतील, तर आक्रमण १-३-१ असे मांडावे. चेंडूवाला त्या दोघांच्या मधोमध राहतो आणि कोणी पुढे यायचे, हा पेच त्यांना पडतो. एक खेळाडू फ्री थ्रो रेषेजवळ मोकळ्या जागेत येतो. चेंडू त्याच्याकडे पोचला, की बचाव आक्रसतो आणि बाजूचे वा रिंगजवळचे सहकारी मोकळे होतात. ड्रिबल करत बचावात घुसण्यापेक्षा झटपट पास देऊन बचावाला पळवावे.

कोणतीही चाल २४ सेकंदांच्या मर्यादेत शॉटपर्यंत पोचली पाहिजे. त्यातील आठ सेकंदांत चेंडू मध्यरेषेपलीकडे न्यावा लागतो. प्रतिस्पर्ध्याच्या रिंगखालच्या रंगीत क्षेत्रात सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. सरावातही कोणीतरी मोठ्याने सेकंद मोजावेत.

दीड तासाची आखणी

नव्वद मिनिटांपैकी पंधरा मिनिटे शरीर गरम करण्यास, पंधरा जवळच्या शॉटना आणि वीस हालचालीतून शूटिंगला द्यावीत. पंचवीस मिनिटांत एकच चाल घोटावी : आधी बचावपटूंशिवाय, मग संथ बचावासह, शेवटी पूर्ण जोराने. उरलेली पंधरा मिनिटे प्रत्यक्ष खेळ. एकाच रिंगवर तीन विरुद्ध तीन खेळ उत्तम रंगतो. या प्रकाराचा टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली प्रथमच समावेश झाला. त्यात शॉटसाठी बाराच सेकंद मिळतात आणि दहा मिनिटांत, अथवा त्याआधी २१ गुण होताच, सामना संपतो. सहाच खेळाडू असल्याने कोणालाही लपून राहता येत नाही. लाजरी मुलेमुलीही चेंडू मागायला शिकतात.

एका मोसमात मोठे चषक हाती लागतीलच असे नाही. शेवटच्या मिनिटाला, एका गुणाने मागे असताना फ्री थ्रोच्या रेषेवर उभ्या राहिलेल्या मुलीने मात्र बाकावरील शिक्षकांकडे भेदरून पाहता कामा नये. दोन टप्पे, एक श्वास, शॉट. चेंडू रिंगमधून जाईल किंवा कडेला लागून बाहेर पडेल. पण कोपर चेंडूच्या खाली आणि मनगट झुकलेले असेल, तर प्रशिक्षकाने आपले काम केलेले असते.