भूल, श्वास आणि परिचारिका
पवारांच्या धार संस्थानात कॅनेडियन प्रेसबिटेरियन मिशनच्या डॉ. मार्गारेट ओहारा यांनी 1895 च्या सुमारास स्त्रियांसाठी वैद्यकीय काम सुरू केले, त्या काळी भूल देणे, म्हणजे शस्त्रक्रियेपुरती शुद्ध हरपवणे, हे तारेच्या चौकटीवर ताणलेल्या फडक्यावर क्लोरोफॉर्मचे थेंब सोडत केले जाई. क्लोरोफॉर्मची सुरक्षितता तपासणाऱ्या हैदराबादच्या आयोगांनी 1888-89 मध्ये नाडीपेक्षा श्वासावरच लक्ष ठेवावे असा निष्कर्ष काढला. क्लोरोफॉर्मने हृदयही थेट थांबू शकते हे नंतर सिद्ध झाल्याने त्या निष्कर्षामागचा आत्मविश्वास महागच म्हणावा लागतो. त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी या पारशी स्त्रीने भूल देण्याचे शास्त्र आत्मसात केले. अमेरिकेत ॲलिस मॅगॉसारख्या परिचारिकांनी भूल देण्यात नाव कमावले. भारतात मात्र हे काम मुख्यतः डॉक्टरांकडेच राहिले, आणि परिचारिका बहुधा भूलतज्ज्ञाची साहाय्यकच असते.