वीज लावून धातूवर लेप कसा चढवतात?

ग्रिल किंवा कपाट करून घेतलं असेल तर ‘पावडर कोटिंग’ ठाऊक असेल. त्यात विद्युतभारित कोरडी पावडर गनने उडवतात आणि भट्टीत भाजतात. मात्र ती पाइपच्या आत किंवा खोल कोपऱ्यात नीट पोहोचत नाही. तिथे इलेक्ट्रोफोरेटिक डिपॉझिशन, म्हणजे ईपीडी, कामाला येतं. गाड्यांच्या कारखान्यात याच पद्धतीच्या प्रायमरला सीईडी म्हणतात.

पाण्याच्या टाकीत धनभारित पॉलिमरचे कण असतात. त्यात धातूचा भाग बुडवून तो ऋण टोकाला जोडतात. डीसी करंट सुरू झाला की कण धातूकडे सरकतात. धातूलगतचं पाणी अल्कधर्मी होतं, पॉलिमरचा भार जातो आणि तो तिथेच चिकटतो. गंमत पुढे आहे. लेप वीज अडवतो, त्यामुळे करंट उघड्या जागा शोधत जातो आणि कोपरेही भरतात. थर साधारण १५ ते २५ मायक्रॉनचा असतो, मग तो भट्टीत पक्का करतात.

याच प्रवासात नॅनोकणही सोबत नेता येतात. कोळंबीच्या कवचापासून मिळणारं कायटोसान सौम्य आम्लात विरघळतं, कणांना चिकटतं आणि त्यांना धातूपर्यंत ओढून नेतं. टायटॅनियमच्या इम्प्लांटवर हाडातल्या खनिजासारख्या हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा लेप असा देता येतो. तोही साध्या तापमानाला, त्यामुळे लेपात अँटिबायोटिकही मिसळता येतं. हे काम अजून बरंचसं प्रयोगशाळेतच आहे. कण गोळा होतात, आणि व्होल्टेज जास्त झालं की हायड्रोजनचे बुडबुडे लेपाला भोकं पाडतात.

लातूर-नांदेडकडे असा उद्योग टाकायचा तर पहिला प्रश्न पाण्याचा. बोअरचं जड पाणी चालत नाही, कारण क्षारांमुळे टाकीतलं मिश्रण बिघडतं. क्षार काढलेलं पाणीच लागतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे विसरून चालणार नाही. दिलासा एवढाच की टाकीतलंच पाणी बारीक गाळणीतून काढून भाग धुवायला वापरतात, आणि ते रंगासकट पुन्हा टाकीत जातं.

आता तुमच्या बाइकबद्दल. चॅसीला क्रॅशगार्ड वेल्ड केला की तिथला लेप आतून-बाहेरून जळतो, आणि पाइपच्या आतला ब्रशने परत लावता येत नाही. नट-बोल्टचा गार्ड घ्या. बाटलीतून मिळणारं ‘नॅनो कोटिंग’ रंगावर पुसून लावायचं असतं. त्याने चमक येते, पण चॅसीच्या आतला गंज थांबत नाही.