भिंतीआडचा पाइन : बोन्साय, भूकंप आणि अणुबॉम्ब

१/
२००१ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात जपानहून दोन भाऊ आले. त्यांना कुंडीतला एक पाइन वृक्ष पाहायचा होता. तो त्यांच्या आजोबांनी २५ वर्षांपूर्वी अमेरिकेला दिला होता. त्या दिवशी भावांनी जे सांगितले, ते तोवर उद्यानात कुणालाच ठाऊक नव्हते. ही त्या वृक्षाची आणि त्याला घडवणाऱ्या कलेची हकीकत. (थ्रेड)

२/
आधी एक गैरसमज दूर करू. बोन्साय ही झाडाची बुटकी जात नव्हे. 'बोन' म्हणजे उथळ पात्र, 'साय' म्हणजे लागवड. मुळे आणि फांद्या वेळोवेळी छाटल्यामुळे झाड लहान राहते. त्याचेच बी मोकळ्या जमिनीत रुजवले, तर त्याचा पूर्ण उंचीचा वृक्ष होतो.

३/
उथळ कुंडीत माती ती किती असणार! ऐन उन्हाळ्यात दोन दिवस पाणी चुकले, तर शंभर वर्षे जगलेले झाडही वाळू शकते. म्हणून बोन्सायचे वय सांगताना आपण नकळत आणखी एक गोष्ट सांगत असतो : इतकी वर्षे कुणी ना कुणी त्याला पाणी घालत आले आहे.

४/
या कलेचे मूळ चीनमध्ये. तांग राजवंशातील राजपुत्र चांगह्वाई याच्या इ. स. ७०६ च्या थडग्यातील भित्तिचित्रात एक सेविका तबकातला इवलासा निसर्ग हाती घेऊन उभी दिसते. चीनमध्ये या परंपरेला पेन्जिंग म्हणतात. पुढे ती जपानमध्ये गेली. १३०९ सालच्या एका जपानी चित्रपटावर पात्रातली झाडे रेखाटलेली आहेत.

५/
'हाची नो की', म्हणजे 'कुंडीतली झाडे', हे नो नाटक जपानमध्ये प्रसिद्ध आहे. बर्फाळ रात्री एक दरिद्री सामुराई दारी आलेल्या भिक्षूला ऊब मिळावी म्हणून आपली प्लम, चेरी आणि पाइनची लाडकी झाडे जाळतो. तो भिक्षू निघतो वेषांतर केलेला माजी राज्यपालक होजो तोकियोरी. सर्वस्व दिले हे दाखवायला नाटककाराला कुंडीतलीच झाडे सुचली, यावरून त्यांचे मोल ध्यानात येते.

६/
आता कृतीकडे वळू. नवे झाड मिळवण्याचे मार्ग आपल्या माळ्यांनाही परिचित आहेत : बी, छाट कलम, भेट कलम आणि गुटी कलम. आपल्याकडे डाळिंबाची गुटी बांधतात, तशीच तिकडेही बांधतात. फांदीची साल अंगठीसारखी काढायची आणि त्या जागी ओलसर शेवाळ बांधायचे. पानांनी तयार केलेले अन्न सालीतून खाली उतरते. ती वाट तुटली की ते वरच्या कडेला साचते आणि तेथे मुळे फुटतात. मग फांदी खाली तोडून कुंडीत लावायची.

७/
गुटीचा लाभ असा की, जाड खोडाचे, प्रौढ दिसणारे झाड थोड्या काळात हाती येते. पुढचे काम आकाराचे. फांदीवर तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार गुंडाळून तिला हळूहळू वळवतात. तार वेळेवर काढली नाही, तर ती सालीत रुतून कायमचा व्रण ठेवते. कुणी ताठ खोड राखतो, कुणी कड्यावरून झेपावणारे. पण आज वळवलेली फांदी परिपक्व दिसायला कित्येक वर्षे लागतात; वळवणारा ती पाहीलच असे नाही.

८/
म्हणजे बोन्साय हे पुढच्या माणसावर विश्वास ठेवून करायचे काम. विसाव्या शतकात या विश्वासाची कठोर परीक्षा झाली.

९/
१ सप्टेंबर १९२३. कांतोच्या महाभूकंपाने आणि त्यानंतरच्या आगींनी टोकियो उद्ध्वस्त केले. तेथील दांगोझाका भागातल्या बोन्साय माळ्यांनी चांगली माती आणि स्वच्छ पाणी शोधत शहर सोडले. उत्तरेला ओमिया येथे १९२५ मध्ये त्यांची वसाहत उभी राहिली.

१०/
तिचे नियम वाचण्यासारखे आहेत. प्रत्येक घरी किमान १० बोन्साय हवेत. फाटक सर्वांसाठी उघडे हवे. घर दुमजली नको. कुंपण झुडपांचेच हवे. घरची बाग आणि गावची बाग यांत या लोकांनी फरकच ठेवला नाही.

११/
ऐन भरात तेथे सुमारे ३० उद्याने होती. मग महायुद्ध आले. बोन्साय ही चैन ठरली, तरुण सैन्यात गेले, अनेक उद्याने बंद पडली. जी झाडे वाचली, ती मागे राहिलेल्यांच्या चिकाटीमुळे.

१२/
आता त्या पाइनकडे येऊ. तो जपानी पांढरा पाइन. १६२५ पासून तो कुंडीत घडत होता. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत तो होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी तेथून सुमारे ३ किलोमीटरवर अणुबॉम्ब पडला. घराच्या काचा फुटल्या, त्यांच्या तुकड्यांनी माणसे जखमी झाली, पण वाचली. उंच भिंतीच्या आड असलेला ३२० वर्षांचा पाइनही वाचला.

१३/
१९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षे झाली. जपानने ५३ बोन्साय भेट पाठवले. मासारू यामाकी यांनी दिलेला हा पाइन त्यांत होता. ज्या देशाने बॉम्ब टाकला, त्याच देशाच्या राजधानीत तो गेला. त्याची ती हकीकत मात्र त्याच्याबरोबर गेली नाही.

१४/
२५ वर्षे अमेरिकी माळी त्याला पाणी घालत राहिले, एक सुंदर जुने झाड म्हणून. २००१ मध्ये नातू आले आणि त्यांच्या तोंडून हिरोशिमाची ती सकाळ कळली. ते दोघे आले नसते, तर वृक्ष जिवंत राहिला असता. त्याचा इतिहास मात्र नाहीसा झाला असता.

१५/
इतिहासप्रेमी वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे. वृक्ष पाण्याने टिकला, इतिहास सांगण्याने टिकला. तुमच्या गच्चीवर वडाचे किंवा बोगनवेलीचे एखादे बोन्साय असेल, तर एक वहीही ठेवा : रोप कुठून आले, कलम कुणी बांधले, तार कधी काढली. तुमच्यानंतर त्याला पाणी घालणाऱ्याच्या हाती झाडासोबत ती वहीही जाऊ द्या.